पाठीमागचा रस्ता

मोटरसायकलवर मी चार वर्षं रोज बसले आणि त्या चार वर्षांत समोरचा रस्ता एकदाही नीट पाहिला नाही. बाईमाणसानं एका अंगाला बसायचं. दोन्ही पाय डावीकडे, पदर कमरेला खोचलेला, एक हात मांडीवरच्या पिशवीवर आणि दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर, तोही बेताबेतानं, कारण रस्त्यावर चारचौघं बघतात. त्यामुळे डावीकडची शेतं मला तोंडपाठ होती. कोणाचा कापूस फुटला, कोणाच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, कोणी बांध फोडला, सगळं ठाऊक. मागून येणारी वाहनं मात्र माझ्या पाठीला घासून जायची आणि ती कशी येतात हे मला कधीच दिसायचं नाही.

आम्ही अमळनेरला राहायचो. ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझी शाळा धुळ्याच्या रस्त्यावर बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात होती. आमच्या ह्यांची नोकरी धुळ्याला. सकाळची एसटी फार लवकर आणि दुसरी थेट दुपारी, तेव्हा जाताना ह्यांनी मला शाळेशी सोडायचं आणि येताना घ्यायचं असं ठरलं होतं. आमची गाडी जुनी, तिसऱ्या मालकाकडून आलेली. आवाज एवढा की आम्ही येतो आहोत हे फाट्यावरच्या चहावाल्याला आधीच कळायचं.

दिवाळीनंतर त्या रस्त्यावर कापसाचे ट्रक सुरू व्हायचे. फाळक्याच्या बाहेर दोन्ही अंगांनी हात-दीड हात फुगलेला कापूस, आणि आपली गाडी केवढी रुंद झाली आहे याची चालवणाऱ्याला शुद्ध नाही. असाच एक ट्रक एकदा मागून आला. हॉर्न नाही, काही नाही. माझ्या पाठीला काहीतरी मऊ आणि जड घासलं, मी डावीकडे ढकलली गेले आणि गाडी डांबर सोडून मुरुमात उतरली. कशीबशी सावरली. ट्रक थांबला नाही. क्लीनरनं तेवढी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं आणि पुन्हा आत घेतली.

शाळेत गेले तर आमच्या दुसऱ्या बाई माझ्याकडे बघून हसायला लागल्या. "काय बाई, वेचणीला जाऊन आलात का?" माझ्या पाठीला, वेणीला, सगळीकडे कापूस चिकटला होता. त्यांनी तो काढला, मीही हसले. मग हजेरी घ्यायला बसले तर एकच नाव दोनदा पुकारलं. एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता. माझा जीव कोणाच्या तरी धंद्याच्या घाईपेक्षा स्वस्त होता आणि त्या माणसाला मी कोण हे माहीतसुद्धा नव्हतं.

नंतर असे प्रसंग इतके झाले की मी मोजायचं सोडलं. मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर. कोपऱ्यावर रस्त्याच्या मधोमध उभं राहून गप्पा मारणारे दोन जीपवाले. खिडकीतून तंबाखूची पिंक टाकणारा, आणि ती माझ्या साडीवर पडल्यावर दात काढणारा. प्रत्येक वेळी हे मला सांगायचे, "एकदम समोर आला," किंवा "अचानक वळला." मला दिसत तर काही नव्हतं, ह्यांनी सांगितलेलंच मी शाळेत तिखटमीठ लावून सांगायचे. आणि जमलेली माणसं उपदेश कोणाला करायची? मला. "ताई, मागे हलत जाऊ नका. गाडीचा तोल जातो." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

शाळेच्या गावाअलीकडे एक नाला आहे. त्याच्याकडे जाणारा लांबच लांब उतार, खाली फरशी, म्हणजे अरुंद ठेंगणा पूल, मग पुन्हा चढ आणि चढावर शाळा. उतार लागला की हे गाडी न्यूट्रल करून किल्ली फिरवायचे. इंजिन बंद. तेवढंच पेट्रोल वाचतं. त्या काळी सगळेच करायचे. खरं सांगायचं तर मला तो उतार आवडायचा. दिवसभरात तेवढाच वेळ काही ऐकू यायचं. शेतात वेचणाऱ्या बायकांचं बोलणं, भारद्वाजाचा घुमणारा आवाज, माझ्याच बांगड्या. खाली पोचलं की किल्ली लावून, गियर टाकून हे क्लच सोडायचे आणि गाडी धक्का देऊन पुन्हा ओरडायला लागायची.

सहामाहीचे पेपर तपासून मी शाळेत परत नेत होते त्या दिवशी माथ्याच्या अलीकडे एक काळीपिवळी जीप आम्हाला धूळ चारून पुढे गेली. आत माणसं कोंबलेली, मागे तिघं लोंबकळलेली. ह्यांनी तिला चार शिव्या घातल्या, मी मनात चार घातल्या. मग उतार, मग ती शांतता. आणि एकदम ह्यांचा ओरडा, ब्रेकचं किंचाळणं, गाडी आडवी होत गेली आणि मी पोत्यासारखी घसरून रस्त्यावर पडले. धरायला काही नव्हतंच. उजवा तळहात आणि कोपर सोलून निघालं. पेपर काही नाल्यात, काही रस्त्यावर. हे गाडीसकट जीपच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबले होते. जीपवाल्यानं रस्त्याच्या मधोमध, फरशीवर, हात न दाखवता जीप उभी केली होती. गिऱ्हाईक घ्यायला.

तो उतरून आला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या रक्ताकडे पाहिलं आणि म्हणाला, "काही व्हयनं नही ना, ताई? मंग?" आणि ह्यांना म्हणाला, "भाऊ, बाईमाणूस मांगे बठेल शे, जरा धीरे चालाडा ना!"

मग! त्या एका 'मंग'नं माझ्या अंगाची आग झाली. हाडं मोडली असती तर 'काही' झालं असतं. मेले असते तर नक्कीच काही झालं असतं. एरवी बाई रस्त्यावरून मुलांचे पेपर गोळा करतेय, यात विशेष काही नाही.

पण खरी आग घरी लागली. संध्याकाळी हळद लावलेला हात घेऊन मी बसले होते आणि हे म्हणाले, "या जीपवाल्यांचा काही नेम नाही. अचानक थांबतात. तू आता नोकरी सोड."

मी डी.एड. झाले होते वडिलांशी भांडून. नेमणुकीसाठी जिल्हा परिषदेत दीड वर्षं खेटे घातले होते. दुसरीच्या वर्गात पहिल्यांदाच पाच मुली आल्या होत्या, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आणलेल्या. आणि एका जीपवाल्याला गिऱ्हाईक घ्यायचं होतं म्हणून मी घरी बसायचं? त्याची जीप उद्याही चालणार होती, ट्रकवाल्याचा ट्रकही. चूक त्यांची आणि शिक्षा मला. मी रडले, ते दुखण्यानं नव्हे, रागानं. हे आपले "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय" एवढंच धरून बसले होते.

सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का चुलीपुढे भाकरी थापत सगळं ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी उलथून त्या म्हणाल्या, "नोकरी कसाले सोडनी? धरीसन बस ना. पाय दोन्हीकडे टाक."

"अक्का, साडीत कसं बसणार? आणि पंजाबी ड्रेस घातला तर गाव काय म्हणेल?"

अक्का उठल्या, ट्रंकेतून आपलं हिरवं नऊवारी लुगडं काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "बाया कापूस येचाले जातस तवय कासोटाच घालतस ना? मंग कोन काय म्हनस?"

दोन दिवस मी लुगडं नेसायला शिकले. तिसऱ्या दिवशी कासोटा घालून, दोन्हीकडे पाय टाकून मी गाडीवर बसले, दोन्ही हातांनी सीटचा पट्टा धरला. हे लाजेनं लाल झाले होते. गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या. बाजारात एक जण ओरडला, "भाऊ, लढाईवर चालले का?" पण वाईट कोणी बोलेना. बोलणार काय? लुगडं आजीपणजीचं, कासोटा त्यांच्याही घरचा. शाळेत हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि घंटा द्यायला सांगितली.

आणि मला रस्ता दिसला.

पहिल्या दिवशी भीती वाटली, कारण सगळंच अंगावर येत होतं. दुसऱ्या दिवशी मी नीट बघू लागले. समोरून ट्रक येताना दिसतोय, तरी हे बैलगाडीला ओलांडायला निघालेत. ट्रकवाल्यानं दिवा दाखवला, हॉर्न वाजवला, शेवटी तोच बाजूला झाला, आणि हे मान वळवून मला म्हणाले, "बघितलंस? एकदम समोर आला." मी बघितलं होतं. तो एकदम आला नव्हता. वळताना हे मागे बघत नव्हते. बोलताना मान वळवत होते. पुढच्या कोणाच्याही इतके जवळ चिकटून जायचे की त्याच्या फाळक्यावरचा शेर मला पाठ झाला. ट्रकवाले बेफिकीर होते, यात शंका नाही, मी त्यांच्याही नावानं बोटं मोडली. पण चार वर्षं मी ह्यांची वकिली करत होते आणि खटल्यातला निम्मा पुरावा माझ्या पाठीमागे होता.

तीन दिवस उताराखालची फरशी मोकळी मिळाली होती, चौथ्या दिवशी नव्हती. माथ्यावरून मी समोर पाहिलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. उतार, फरशी, तिच्याजवळचा निंब आणि निंबाखाली गठुडी घेऊन जीपची वाट बघणारी चार माणसं. पलीकडून फरशीवर एक बैलगाडी चढत होती. ह्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद. तीच शांतता, फक्त आता मला ती ऐकू येईना, कारण बैलगाडी मोठी मोठी होत होती. गियर नाही, इंजिन नाही, आणि त्या जुन्या गाडीला ब्रेक म्हणजे नावाला. हे आधी एक पाय, मग दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी थांबवू लागले. आमचं चाक बैलांच्या तोंडापासून दोन वितींवर थांबलं. मी पडले नाही. गाडीवानानं आमच्याकडे नुसतं बघितलं आणि बैलांच्या पाठीवर हात ठेवला.

मी खाली उतरले. मागे वळून उताराच्या माथ्याकडे पाहिलं, मग निंबाकडे.

"त्या दिवशीची जीप वरूनच दिसत होती," मी म्हणाले.

हे वाकून ब्रेकचा दांडा हलवून बघू लागले.

"ती रोज इथेच थांबते. माणसं उभी असतात. जीप उभी असलेली तुम्हाला वरून दिसली होती."

"ती मधोमध उभी होती!"

"होती. त्याची चूक होतीच. पण अचानक नव्हती. तुम्हाला ती दिसत होती, तुमची गाडी बंद होती, आणि नोकरी मी सोडायची?"

ह्यांनी इकडे तिकडे बघितलं. निंबाखालची चार माणसं ऐकत होती. मग हे हळूच म्हणाले, "काही झालं तर नाही ना? मग?"

मी पुढे झाले आणि हेडलाइटवरची किल्ली उपसून काढली. पिशवीत टाकली, पिशवीचा बंद आवळला आणि चढाकडे चालू लागले.

"अगं, किल्ली! मला धुळ्याला पोचायचंय. लोक बघताहेत."

"बघू देत. तुम्हाला गाडी बंद करूनच चालवायची असते ना? चालवा."

लुगड्यात पाय झपझप पडत होते. मागे वळले नाही, तरी खडीवर चाकांचा आवाज आणि ह्यांचं धापा टाकणं ऐकू येत होतं. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा अख्खी शाळा प्रार्थनेला रांगेत उभी होती. हे घामाघूम होऊन, गाडी ढकलत, त्या सगळ्यांच्या समोर येऊन उभे राहिले. मी किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "संध्याकाळी पाच वाजता या. आणि उतारावर गाडी चालू ठेवायची."