मागे फिरायला शिकवणारा वासुदेव

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं ठरवलं की काहीतरी निमित्त काढायचं आणि पुढे ढकलायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मागच्या महिन्यात वासुदेव गेल्याचा अकोल्याहून फोन आला, तेव्हा मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. आता सांगायची गरज उरली नाही, हे आलं. त्याची मला अजून चीड येते.

नंतर आमच्या कॉलेजात छोटी शोकसभा झाली. माझ्यामागून रुजू झालेले एक प्राध्यापक म्हणाले, आपला मुलींचा फुटबॉल संघ सरांनी उभा केला, सुरुवातीला वासुदेवरावांचाही थोडा हातभार लागला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या मीही डोलावली... थोडा हातभार. त्या शब्दांनी मला घरी आल्यावर जेवू दिलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी अमरावतीच्या एका मुलींच्या कॉलेजात क्रीडा विभाग सांभाळत होतो. खो-खो हा आमचा मान होता. विद्यापीठाची ढाल बहुतेक दर वर्षी आमच्याकडे यायची आणि ती प्राचार्यांच्या टेबलामागे दिसेल अशी ठेवलेली असायची. एका वर्षी संस्थेच्या मनात आलं की मुलींचा फुटबॉल संघही हवा. फुटबॉल खेळणाऱ्या मुली आणायच्या कुठून? मी सोपा मार्ग काढला. खो-खोच्याच मुली घेतल्या. दमदार होत्या, पळायच्या वाऱ्यासारख्या, पडायला भीत नव्हत्या. त्यांना शिकवायला वासुदेवला बोलावलं. तो बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला, राहायला अकोल्याला, तरुणपणी फुटबॉल उत्तम खेळलेला. ड्यूटी संपली की ऑटोनं आमच्या मैदानावर यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. मुली मला 'सर' म्हणत आणि त्याला 'भाऊ'. मला ते तेव्हाही थोडं खुपत असे.

मोसमातला पहिला सामना अकोल्यातच होता. वासुदेवची बायको, मुलगी, गल्लीतली माणसं, सगळे बघायला आलेले. आमच्या मुलींनी सुरुवातच अशी केली की वाटलं, आज धुव्वा उडवणार. पण चेंडू हातचा गेला तरी आमच्या मुली समोर पळतच राहिल्या. समोरच्या गोलपर्यंत जायच्या, तिथे पोचल्यावर वळायच्या. तोवर इकडे विरुद्ध संघाच्या तिघीचौघी आणि आमची एकटी गोलकीपर. हे पुन्हा पुन्हा झालं. कडेला उभा असलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "अमरावतीवाल्या पोट्ट्या तिकडंच मुक्कामाले गेल्या काय बे?" लोक हसले. वासुदेवची मुलगी तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घातली.

गोल किती झाले ते मी सांगत नाही. परतीच्या गाडीत मुली रडत होत्या, मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. बडनेरा जवळ आल्यावर वासुदेव माझ्या बाजूला येऊन बसला. आपलं घर मागे टाकून तो त्या दिवशी मुलींबरोबर अमरावतीपर्यंत आला होता.

"सर, पोट्ट्यायचं काही चुकून नाही राहिलं," तो म्हणाला. "खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली का खांबापर्यंत वापस फिराचं नसते. फिरली का फाउल. शाळेपासून तेच शिकल्या ह्या. पाय ऐकूनच नाही राहिले त्यायचे."

मी आयुष्यभर खो-खो शिकवलेला माणूस. हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नव्हतं, आणि ते दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मला राग आला. मग काय करायचं, असं मी तुटकपणे विचारलं.

"सकायची खो-खोची प्रॅक्टिस बंद करा ह्यायची. एक महिना. सकाळी मांगं फिरू नका म्हनाचं अन् संध्याकाळी मांगं फिरा म्हनाचं, कसं जमंल?"

मी नाही म्हणालो. ढालीचे सामने तोंडावर होते, त्याच मुली तिथेही खेळणार होत्या. तो वाद घालणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी घरून एक लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. अकोल्याहून गाडीत, बडनेऱ्याहून ऑटोत. ती मैदानाच्या मधोमध ठेवली. चेंडू गेला की जिचा गेला तिनं मागे धावत येऊन खुर्चीला हात लावायचा, मगच पुढचं. सुषमा नावाची आमची कॅप्टन होती, बाळापूरकडच्या भाजी पिकवणाऱ्या घरातली, जिभेची तिखट. ती म्हणायची, "भाऊ, खुर्चीवर नवरदेव तरी बसवा, मंग जाऊ मांगं." तो म्हणायचा, "पहिले शीक वं फिराले, मंग पाहू नवरदेव." मुली हसायच्या आणि फिरायच्या. पण सकाळी मी पुन्हा त्यांना खांबापर्यंत पळवायचो. संध्याकाळी त्यानं शिकवलेलं मी सकाळी पुसत होतो. हे मला कळत होतं. तरी मी ते करत राहिलो, हे इथे लिहून ठेवतो.

घरच्या मैदानावरचा दुसरा सामनाही गेला. तिसराही गेला. मग प्राचार्यांनी मला बोलावलं. ढालीकडे बोट दाखवून म्हणाले, खो-खोत मिळवलेलं नाव फुटबॉलमध्ये घालवायचं आहे का? त्या वेळी खरं उत्तर माझ्या तोंडाशी होतं. सकाळचा सराव बंद करू द्या, एवढंच वाक्य. पण मग विचारलं गेलं असतं की आधी का नाही सुचलं. मी म्हणालो, "प्रशिक्षक कमी पडतोय. नोकरीमुळे वेळेवर येत नाही."

खरं असं होतं की मी मैदानावर पोचायचो तेव्हा त्यानं खुर्ची मांडलेली असायची.

वासुदेवला काढायचं ठरलं आणि ते त्याला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. मैदानाच्या फाटकाशी उभं राहून मी 'संस्थेचा निर्णय' असे काहीसे शब्द वापरले. वासुदेवनं मुलींकडे पाहिलं. आपलं काय चुकलं, हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित... नाही, तरीही मी सांगितलं नसतं. तो एवढंच म्हणाला, "पोट्ट्यायले तुमी सांगता का मी सांगू?" मी सांगतो म्हणालो. खुर्ची घेऊन जा म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या सर. कामाची आहे."

मी मुलींना काय सांगितलं? ड्यूटीमुळे भाऊंना जमत नाही. सुषमा माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "त्यायनं तं आमच्यासाठी सुट्ट्या टाकल्या होत्या, सर." मी शिट्टी वाजवली आणि सराव सुरू केला.

आणि पुढच्याच आठवड्यात मी त्या मुलींची सकाळची खो-खोची प्रॅक्टिस बंद केली. प्राचार्यांनी काही विचारलंही नाही. खुर्ची मैदानाच्या मधोमध होती तिथेच ठेवली. महिन्याभरात मुली फिरायला लागल्या. मोसमाच्या शेवटी आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो, माझा सत्कार झाला, पेपरात फोटो आला. नव्या संघाला वळण लावणारे सर, असं त्याखाली छापलं होतं. ढाल त्या वर्षी दुसरीकडे गेली आणि त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. मी कशाला घाबरलो होतो तेच मला आजवर कळलेलं नाही.

वासुदेव नंतर बडनेरा स्टेशनवर अधूनमधून भेटायचा. संघाची चौकशी करायचा, चहा पाजायचा. त्याच्या चांगुलपणाचाच मला त्रास व्हायचा. त्यानं एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी निवृत्त झालो तेव्हा ती खुर्ची भंगारात जाणार होती, म्हणून घरी आणली. ती माझ्या गॅलरीत होती. रंग उडाला, एका हाताला तडा गेला. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला वासुदेव आजारी असल्याचं कळलं आणि मी ती खुर्ची घेऊन गाडीत बसलो. डब्यात लोक बघत होते. एक बाई म्हणाल्या, काका, जागा नाही मिळणार म्हणून घरूनच आणली का?

तो दिवाणावर पडून होता, फार वाळला होता. खुर्ची पाहून हसला. मुलीला म्हणाला, सरायले हीच दे बसाले. मी त्याच खुर्चीवर बसलो. सुषमा आता शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते, हे त्यानंच मला सांगितलं. मग म्हणाला, "एवढ्या दूर खुर्ची द्याले आले काय, सर?"

"हो," मी म्हणालो.

चहा झाला. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. खरं तर गाडीला वेळ होता. फाटकाशी पोचलो तेव्हा आतून त्याचा आवाज आला, "सर, काही राहिलं काय?" मी खिसे चाचपले, चष्मा होता, मोबाइल होता. सगळं घेतलं, असं तिथूनच ओरडून सांगितलं आणि रस्त्याला लागलो.

चार पावलं मागे फिरून आत जायचं होतं. म्हणायचं होतं, वासुदेव, चूक माझी होती, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. मला माफ कर...