नसलेल्या पायाची खाज

दुपारची जेवणं झालीत, भांडी पालथी घातलीत आणि मी बाहेरच्या खोलीत पलंगावर आडवी झालेय. डोळ्यांवर पदर आहे. झोप लागलीय असं म्हणता येत नाही, कारण पंख्याची कुरकुर ऐकू येतेय. आणि जागी आहे असंही म्हणवत नाही, कारण पायथ्याशी सर बसलेत.

सर म्हणजे माझे यजमान, हलकुडे सर. उदगीरच्या कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग बायको. 'अहो' माझ्या तोंडी कधी बसलंच नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. आमच्यात दहन नाही, माणसाला मांडी घालून बसवून माती देतात. सरांना बसवताना भावकीची पंचाईत झाली, कारण उजवा पाय शुगरनं आधीच नेला होता. एका पायाची मांडी घालायची कशी?

आत्ता मात्र झकास मांडी घातलीय. दोन्ही पाय आहेत.

"हे स्वप्न नाही कशावरून?" सर विचारतात. वर्गात पहिल्याच तासाला हा प्रश्न असायचा.

"स्वप्नच आहे. मला काय कळत नाही का?"

"मग बोलायलीस कशाला?"

"एक विचारायचंय."

विचारायचंय ते हे. पाय कापला, पण खाजायचा थांबला नाही. "मालन, अंगठ्याखाली खाजायलंय," सर म्हणायचे. मग मी चादरीवर, जिथं पाय असायला हवा होता तिथं, हवेत नखं चालवायची. "जरा खाली. हां, तिथंच." आणि त्यांचा जीव खरंच थंड व्हायचा. डोळे म्हणतात पाय नाही, मन म्हणतं आहे. खरं कुणाचं धरायचं? असा प्रश्न हाती लागला म्हणून सर त्या ठणक्यातही खूश. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळतोय. नुसता पाय गेला तर त्यानं एवढं छळलं, मग अख्खा माणूस गेल्यावर काय होत असेल? लोक म्हणतात, "सुटले बिचारे." ह्यांना कुणी येऊन सांगितलं? शंकेला औषध नाही म्हणतात, आणि हा रोग मला सरांनीच लावला.

मी तिसऱ्या बाकावर बसलेय. दोन वेण्या, मांडीवर दप्तर. सर फळ्यापाशी उभे. फळा ओल्या काळ्या मातीचा आहे.

"सर, आता सगळंच गेलंय. सगळंच दुखायलंय का?"

सर हातावरचा खडू झाडतात. "मी आत्ता कुठं आहे?"

"माझ्या डोक्यात."

"मग तुला ठाऊक नाही ते मी कुठून सांगू? स्वप्नातल्या माणसाच्या उत्तराला मार्क किती?"

"शून्य. तरी द्या."

ते खाली बघतात. मला रडू येतं, वर्गात असून येतं.

"मालन," ते हळूच म्हणतात, "पाय खाजायलाय."

म्हणजे संपलेलं नाही.

मी गुडघे टेकते. खाली आमच्या रानातली माती आहे. सर त्यांच्या खड्ड्यात बसलेत, अंगाला भस्म. उजवा तळवा मी हातात घेते. गार आहे. अंगठ्याखाली नखं चालवते.

"जरा खाली?" मीच विचारते.

"कर की."

"करायलेय. लागायलंय का?"

"तू हात लावलास?"

मी जोर लावते. "आता?"

"काहीच कळंना, मालन," सर म्हणतात. घाबरलेत. प्रश्न पडल्यावर घाबरलेले सर मी कधी पाहिले नव्हते. दुखत नाही ना, मग मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. माझा हातही पोचत नाही तिथवर. मी खाजवत राहते.

डोळे उघडतात. मी पलंगावर उठून बसलेय. माझाच उजवा पाय दुमडून मांडीखाली दबलाय, त्याचं लाकूड झालंय. तळवा वर आलाय आणि अंगठ्याखाली लालभडक ओरखडे आहेत. एकातून रक्त आलंय. माझ्या नखांत माझंच कातडं आहे आणि मला काही म्हणजे काही लागलेलं नाही.

तर 'काहीच कळंना' हे सर बोलले, की माझा बधिर पाय बोलला? याचं उत्तर अवघड नाही. सरांनी हसत हसत दिलं असतं.

पाय मोकळा करते. मुंग्या येतात, मग ओरखडे झोंबू लागतात. मी पुढं वाकते आणि पायथ्याशी, सपाट चादरीवर, हवेत नखं चालवते. "जरा खाली?" विचारते. थांबून ऐकते. पंखा कुरकुरतोय. कुठं खाजतंय ते सांगायला कुणी नाही, म्हणून मी उशीपासून पायथ्यापर्यंत सगळीकडे खाजवत राहते.