चौदाव्या सोमवारचं मीठ

वाळवंटातल्या चालण्याचा तिसरा दिवस सोमवार होता. आमच्या चौघांत हे फक्त माझ्या लक्षात होतं.

आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायहून विमानाने ॲरिझोनात आलो होतो. पाठीवर तंबू, खाणं आणि पाणी घेऊन एका जुन्या खाणीच्या गावापासून डोंगरापलीकडच्या गावापर्यंत पाच दिवसांत चालायचं होतं. कल्पना माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरकर इंजिनिअरची. सोबत त्याची बायको आणि तिच्या ओळखीची, मिशिगनमध्येच जन्मलेली एक नर्स. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे तिच्याशी बोलणं मला सोपं जायला हवं होतं. पण मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे.

२००८चा मार्च होता. महिनाअखेर माझा विभाग बंद होणार, हे नोव्हेंबरातच कळलं होतं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार. अर्ज केले, दोन इंटरव्ह्यू झाले, पुढे काही आलं नाही. एप्रिलचं पुण्याचं तिकीट काढून ठेवलं होतं. यातलं काहीच मी या तिघांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी रेझ्युमे मागितला असता, कुणाकुणाचे नंबर दिले असते, आणि ते सगळं मला पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं असतं. मला एवढंच हवं होतं की या देशात सुरू केलेली एक गोष्ट तरी शेवटपर्यंत जावी. पलीकडच्या गावात मी पायी पोचावं.

सोमवार आईचा होता. नोकरीचं कळल्यावर तिने फोनवर सोळा सोमवार करायला सांगितले. माझा विश्वास नव्हता, पण नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढं माझ्याच्याने झालं नाही. मार्गशीर्षात सुरू केले. आमच्याकडे त्या दिवशी मीठ चालत नाही. फळं, दूध आणि संध्याकाळी कणकेचं काहीतरी गोड. ऑफिसात ते निभून जायचं. हा चौदावा होता. मधेच सोडले असते तर आता काही होणार नाही, हे आईला सांगावं लागलं असतं.

सकाळी निघताना प्रत्येकाकडे सहा लिटर पाणी होतं. पुढचं पाणी थेट संध्याकाळी, गुरांच्या टाकीत. दर अर्ध्या तासाने प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही, असा इंजिनिअरचा नियम होता. मी तो सगळ्यांपेक्षा जास्त पाळला. खारे शेंगदाणे फिरले, चिवडा फिरला. मी प्रत्येक वेळी ‘नंतर घेते’ म्हणाले आणि पुढे दिला. माझ्या डब्यात खजूर आणि गुळाचे लाडू होते. मी शेवटून चालत होते, त्यामुळे मी काय खाते ते कुणाला दिसत नव्हतं.

वाट एका कोरड्या ओढ्यातून जात होती. वाळूत पाऊल रुतायचं आणि तेवढंच मागे यायचं. दोन्ही बाजूंना माणसाच्या तिप्पट उंचीची निवडुंगं. सावली म्हणावी अशी त्यांची पडत नव्हती. अकराच्या सुमाराला डोकं दुखायला लागलं. पाणी कमी पडतंय असं वाटून मी आणखी प्यायले. मळमळायला लागलं, तेव्हा आणखी. दुपारी घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला, म्हणून मी तो काढून खिशात टाकला. पुढे नवराबायकोत तंबूचे खुंटे कुणी विसरले यावर वाद चालला होता. मला शब्द ऐकू येत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता.

एका मातीच्या रस्त्यापाशी थांबलो तेव्हा मला उलटी झाली.

‘‘काय करून राहिली तू?’’ इंजिनिअर धावत आला. ‘‘पाणी दे गं तिला.’’

‘‘नो वॉटर,’’ नर्स म्हणाली. तिने माझे हात पालथे करून बघितले. बोटं सुजून गुळगुळीत झाली होती. किती पाणी प्यायलीस, आज काय काय खाल्लंस, असं तिने विचारलं. ‘सगळं’ असं मी सांगितलं. इंजिनिअरच्या बायकोने माझ्या सॅकचा वरचा कप्पा उघडला, डबा पाहिला, आणि मग बोटांवर वार मोजले.

‘‘आज सोमवार,’’ ती म्हणाली. ‘‘सोळा सोमवार करतेस? लग्नासाठी?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. ते सोपं होतं.

‘‘अगं, मग वाळवंटात कुठे नवरा शोधायला आलीस?’’ ती हसली, आणि माझ्याकडे बघून थांबली.

व्रत म्हणजे काय ते नर्सला अर्धंच कळलं, पण त्या दिवशी मीठ खात नाहीत एवढं पुरेसं होतं. शरीरात मीठच उरलेलं नव्हतं आणि मी वरून पाणी ओतत होते. बर्गरच्या दुकानांतून गोळा केलेल्या मिठाच्या पुड्या इंजिनिअरकडे होत्या. तिने दोन फोडून माझ्या तळहातावर ओतल्या. खाल्लं तर कदाचित चालता येईल, असं मनात आलं. मग मी ते चाटलं. तेरा आठवड्यांचं जे काही होतं ते तिथे संपलं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

‘‘थोडं बसते,’’ मी म्हणाले. ‘‘मग निघू.’’

नर्सने मान हलवली. पुढे दोन दिवस रस्ता नव्हता, आणि रात्री मला काही झालं तर कुणाला बोलावणार? मी इंजिनिअरकडे बघितलं. का जायचंय ते सांगितलं असतं तर तो कदाचित तिच्याशी भांडला असता. मी सांगितलं नाही. त्याने मला बरं वाटावं म्हणून आवाज मुद्दाम हलका केला.

‘‘पुढच्या मार्चमध्ये येऊ नं यार. इथूनच सुरू करू.’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

तासाभराने एका म्हाताऱ्या बाईचा पिकअप आला. इंजिनिअरची बायको माझ्याबरोबर बसली. तिचे पाय तसेही सोलवटले होते. नर्सने ड्रायव्हर बाईला तीनतीनदा बजावलं की मला आधी दवाखान्यात न्यायचं. मग ती आणि इंजिनिअर रस्ता ओलांडून पलीकडच्या वाटेला लागले. वळणापर्यंत त्यांच्या पाठीवरच्या सॅक दिसत होत्या.

दिवस मावळेपर्यंत डोकं दुखायचं थांबलं. बोटांची सूजही ओसरली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उद्यापासून मी हवं ते करू शकते, असं सांगितलं. मोटेलच्या दारात बसून इंजिनिअरची बायको पुढच्या वर्षीची यादी करत होती. हलके तंबू घ्यायचे, चिवडा कमी, मीठ जास्त. सोमवार टाळून तारखा ठरवू, ती म्हणाली, आणि तुला कुठला आठवडा जमेल ते आत्ताच सांगून ठेव.

मी दुसरा आठवडा सांगितला. तिने तो लिहून घेतला.