पाहुण्यांची भिंत

ऑफिसात कारकुनी करताना किस्से जमायचे ते फायलींसारखे. एक ओढायला जावं तर वरचा सगळा गठ्ठा अंगावर! निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. पण आमच्या चर्चच्या तरुण संघानं मला श्रीलंकेला नेलं, आणि आता त्या एका सहलीचे किस्से अख्ख्या नोकरीला भारी पडतात.

सहल म्हणायचं नाही. मिशन ट्रिप. सहलीत आपण मजा करतो. मिशन ट्रिपमध्येही मजाच करतो, फक्त आधी आणि नंतर प्रार्थना असते.

*

कल्पना अमोलची. हा आमच्या तरुण संघाचा लीडर. विरोध रिबेकाबाईंचा. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि चर्च कमिटीत शेवटचा शब्द त्यांचा. नागपुरात हुडकेश्वरला त्यांचं घर आहे. घराच्या कंपाउंडला त्यांनी नुकताच आकाशी रंग दिला होता. त्या भिंतीला कुणी सायकल टेकवली तर बाई आतून खिडकी वाजवायच्या.

अमोलनं मीटिंगमध्ये सांगितलं, "बाई, तिथं डोंगरात चहाच्या मळ्यातलं एक गाव आहे. तिथल्या चर्चची भिंत आम्ही रंगवणार."

"ज्या पोरायले माह्या भिंतीले सायकल लावू नये एवढं समजत नाही, ते परदेशात भिंत रंगवणार?"

बरीच मिनतवारी झाली. शेवटी बाईंनी अट घातली, "जा. पण असं काम करून या, का तुमच्यावाचून त्यायचं अडलं असतं. नाही तं पुढच्या वर्षीपासून तुमचं मिशन खाप्याच्या पलीकडे जाणार नाही!"

अमोलचा चेहरा उतरला. खाप्याला नागपूरहून बसनं जाता येतं.

सोबत एक जबाबदार माणूस हवा असं ठरलं. पासपोर्ट असलेला म्हातारा मी एकटाच निघालो.

*

नागपूरच्या विमानतळावर सामान जास्त भरलं. प्रत्येक आईनं चिवडा, ठेचा, सावजी मसाला आणि संत्रा बर्फी दिली होती. अमोलकडे रंगाचे ब्रश, रोलर आणि खरवडण्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, काहीतरी काढावं लागेल."

अमोलनं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी चिवड्याकडे पाहिलं.

ब्रश घ्यायला अमोलचा भाऊ स्कूटरवर आला. सेवेला निघालेली मंडळी सेवेचं सामान नागपुरातच ठेवून उडाली!

*

मे महिना होता. लू लागू नये म्हणून आपल्याकडे खिशात कांदा ठेवतात. पोरांनी परदेशातही तो ठेवला. गावात पोचलो तर धुकं, आणि थंडी अशी की दात वाजायला लागले.

तिथले पास्टर ज्ञानम यांच्या घरी आम्ही उतरलो. पोरांनी खिशातले कांदे काढून टेबलावर ठेवले. पास्टरांच्या बायकोनं ते पाहिले, हात जोडले, सगळे कांदे ताटात रचले आणि त्यांच्यावर प्रार्थना केली. नागपूरच्या ख्रिस्ती लोकांत पाहुण्यानं कांदा घेऊन जायची रीत आहे, असा त्यांचा समज झाला.

"काका, सांगू का त्यायले खरं?" अमोलनं विचारलं.

"प्रार्थना झाल्यावर?" मी म्हटलं.

रात्री त्याच कांद्यांचं सांबार झालं. निरोपाच्या दिवशी अख्खं गाव रांगेत उभं राहिलं आणि प्रत्येकानं आमच्या हातात एकेक कांदा दिला.

*

पोरांनी एक नाटुकलं बसवलं होतं. बायबलातली गोष्ट. लुटारू एकाला मारून रस्त्यात टाकतात, दोन मोठी माणसं त्याला बघून पुढं निघून जातात आणि तिसरा, एक परका शोमरोनी, त्याला उचलतो. शोमरोनी अमोल. मार खाणारा बंटी. गाढव दोघांचं, वरून चादर.

लुटारूंनी काम मनापासून केलं. बंटी असा कण्हला की समोर बसलेल्या दोन आज्या उठल्या. एकीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, दुसरीनं पदरानं तोंड पुसलं. तिसरी चहा घेऊन आली. बंटीनं डोळे मिटूनच चहा प्यायला.

न थांबता पुढं जाणारे दोघं अजून आलेच नव्हते. अमोल गाढवासकट दाराआड उभा.

"काका, माही एन्ट्री?"

"घरी जा गा," मी म्हटलं. "माणूस बरा झाला."

*

राहता राहिली भिंत. ब्रश पास्टरांनीच दिले. त्यांच्याकडे ते भरपूर होते. तेव्हाच शंका यायला हवी होती.

जुना रंग खरवडायला घेतला. पिवळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली निळा. अमोल थांबला. "पास्टर, ही भिंत किती वेळा रंगवली?"

पास्टर ज्ञानम शांतपणे म्हणाले, "ही पाहुण्यांची भिंत आहे. जो ग्रुप येतो तो रंगवतो. आमची बाकीची सगळी कामं आम्ही करतो. पण तुम्ही एवढ्या लांबून येता, तुम्हाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

अमोल खाली बसला. "काका, मी बाईले काय सांगू?"

"रंग सांग," मी म्हटलं. "शेंदरी."

*

परतल्यावर कमिटी बसली. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "अडलं असतं का तुमच्यावाचून?"

फोटो होते. पोरांच्या गालांवर रंग, मागं शेंदरी भिंत. खोटं खपलं असतं. अमोलनं मोबाइल खिशात घातला.

"नाही, बाई. त्यायचं मस्त चाललं होतं. आमालेच त्यायनं सांभाळलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"अन् अजून एक," अमोल म्हणाला. "त्यायची पोरं येत्या हिवाळ्यात नागपूरले येऊन राहिली. सेवा करायले. पास्टरनं विचारलं, काम काय आहे?"

आता कमिटी खरी कामाला लागली. चर्चला टाइल्स नव्या. हॉल ठेकेदारानं रंगवलेला. अंगणाला माळी. एकानं सुचवलं, बाकं बाहेर काढून परत आत ठेवायला लावू. दुसरा म्हणाला, फाटक थोडं वाकवून ठेवू का? एवढ्या मोठ्या चर्चमध्ये अडलेलं असं काहीच सापडेना!

"एवढ्या लांबून येतील लेकरं," बाई पुटपुटल्या आणि मीटिंग अर्धवट सोडून गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. आता खापा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तो हुडकेश्वरला बाईंच्या घरावरून गेलो. बाई पदर खोचून रस्त्यावर उभ्या. हातात उलथनं. आकाशी भिंतीवर हातभर पट्टा खरवडलेला.

मला पाहून त्या ओरडल्या, "पाहून काय राहिले गा? रंग मेला पक्का बसला! त्या अमोलले फोन लावा. म्हणा, सगळ्यायले घेऊन ये. अन् सायकली इथंच लावा म्हणा, भिंतीले!"