बंद मूठ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विचारील त्याला एवढंच सांगत आलो, की माझ्या हाताखालचा तो ऑपरेटर फार अबोल होता. ते खोटं आहे.

बोईसरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात तुम्ही त्याला पाहिलं असतं, तर हाताने बोलणारा माणूस म्हणूनच ओळखलं असतं. मूठ मिटली की व्हॉल्व्ह बंद, पंजा उघडला की चालू.

पण आधी त्याचा आवाज खणखणीत होता. शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला एकेक व्हॉल्व्ह दाखवत ओरडून सांगायचं, अशी आमची रीत. मशिनांच्या घरघरीतही तो ऐकू यायचा. "ह्यो वाल बंद हाय! त्यो उघडा हाय! चल, आता मी सुटलो, तू अडकलास!"

त्याच्या 'वाल'ला बिहारकडचे कामगार 'भाल' म्हणत, स्टोअरवाला 'वॉल', मी 'व्हॉल्व्ह'. काम कुणाचंच अडलं नाही.

एकदा मुंबईहून मोठे साहेब पाहणीला आले. तो उत्साहाने पुढे होऊन सांगू लागला आणि मलाच लाज वाटली. मी त्याला मध्येच तोडलं.

"वाल काय, वाल? व्हॉल्व्ह म्हण. जीभ गावाला, पामलाच ठेवून आलास काय?"

सगळे हसले. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. शेवटी तोही कसनुसा हसला आणि नुसती मूठ मिटून दाखवली. तेव्हापासून मूठच.

पुढे सुपरवायझरच्या जागेसाठी त्याचं नाव आलं. मीच म्हणालो, "कामाला चांगला आहे, पण बोलत नाही."

माझी मुलगी कॉलेजात गेल्यावर म्हणाली, "बाबा, व्हॉल्व्ह नाही, वॅल्व." मला मात्र कुणी चारचौघांत पुन्हा म्हणायला लावलं नव्हतं.

निवृत्तीनंतर धीर करून पामला गेलो. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ओटीवर शेजाऱ्यांना रंगवून सांगत होता, "मी बोललो, पयला वाल बंद कर, मंग पळ!" हशा पिकला. मी दारात दिसलो आणि गोष्ट तिथेच थांबली.

"या साहेब."

"काय झालं तुमाला?" त्याची बायको त्याला म्हणाली. "आतापरेंत तोंड थांबत नव्हतं!"

चहा झाला. मी भाताचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. निघताना फाटकाशी वळून म्हणालो, "एक सांगायचं होतं..."

त्याने हात वर करून मूठ मिटली. व्हॉल्व्ह बंद, सगळं ठीक आहे, निघा. शिफ्ट सुटल्यासारखा मी निघालो.

यंदा तो गेला. त्या दिवशी पामला जाताना वाटभर घोकलेलं वाक्य माझ्यापाशीच राहिलं: "तुमचा शब्द चुकला नव्हता. मी चुकलो."