माणूस निघालाय

आमच्या काकूला सासरी सगळे ‘ठिणगी’ म्हणत. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं घरमालकाला जिन्यावरून खाली उतरवलं होतं, का तर तो न विचारता आत शिरून नळ बघायला लागला. रांगेत मध्येच घुसणारे, सुटे नाहीत म्हणून गोळ्या हातावर ठेवणारे दुकानदार, कुणी तिच्या तडाख्यातून सुटला नाही. काका मुलखाचे शांत. एकानं तापावं, एकानं निवावं, म्हणजे घरात हवा बरी राहते, असं त्यांचं म्हणणं.

काकू एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यावरून मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, मग घासून गुळगुळीत करायचं. दिवसभर मान खाली, नाकावर मास्क, आणि समोर टेबलावर माणसांशिवायच्या बत्तीश्या. “लोकांचे दात घशात घालणं सोपं असतं गं,” ती मला म्हणायची, “तोंडात बसवणं अवघड.”

मग काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. डॉक्टरांनी काकूला बजावलं, की आवाज चढवायचा नाही, असे पेशंट घाबरतात. काकूनं ते इतकं मनावर घेतलं की आम्हीच घाबरलो. ती झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तशी बोलायला लागली. “घास घ्या ना.” “शर्टाचं बटण लावू का?” काकांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं तरी तिसऱ्यांदाही तेच हळू उत्तर. सगळे म्हणाले, ठिणगी विझली. मला विचाराल तर ती विझली नव्हती, गिळली होती. दातांच्या डॉक्टरनंच तिला एकदा सांगितलं, तुम्ही झोपेत दात खाता, बघा किती झिजलेत.

काकू कामावर असताना काकांजवळ एक सांभाळणाऱ्या बाई असत. त्या दिवशी दुपारी त्या जरा लवकर निघाल्या. काकू त्यांना गल्लीच्या तोंडाशीच भेटली. म्हणजे काका एकटे राहिले ते तेवढाच वेळ. पण तेवढ्यात त्यांनी आतून कुलपाला किल्ली लावली, फिरवली आणि तिथंच राहू दिली. आत किल्ली अडकलेली, त्यामुळे काकूची किल्ली बाहेरून शिरेना.

तिनं दार वाजवलं.

“कोण आहे?”

“अहो, मी. दार उघडा.”

“मी म्हणजे कोण?”

“मी. तुमची बायको.”

मग अगदी अदबीनं, “ती कामावर गेलीय. ती आल्यावर या.”

“अहो, मीच आलेय.”

“तिनं सांगून ठेवलंय, अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. राग मानू नका, बाई.”

हे तिनंच त्यांच्याकडून रोज घोकून घेतलं होतं. सगळं विसरणाऱ्या माणसाच्या लक्षात नेमकं तेवढं राहिलं.

काकूनं फोनवर शोधलं. सगळ्यात वर एक जाहिरात होती: तातडीची कुलूपसेवा, चोवीस तास, पंधरा मिनिटांत दारात. तिनं फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीनं पत्ता घेतला, दार लाकडी की लोखंडी ते विचारलं आणि म्हणाली, “माणूस निघालाय, मॅडम.”

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. आवाज ऐकून ते खाली आले. “वहिनी, अग्निशमनवाल्यांना बोलावू का? ते गॅलरीतून शिडी लावतात.”

“कशाला? कुलूपवाला निघालाय. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

मास्तर पायरीवर बसले. काकू दाराला कान लावून उभी राहिली. आत काका स्वयंपाकघरात काहीतरी हलवत होते. भांड्याचा आवाज आला. मग गॅसच्या लायटरचा.

पंधरा मिनिटं केव्हाच उलटली. तिनं फोन केला. माणूस पुलावर होता. परत केला, तर सिग्नलला अडकला होता. पुन्हा केला, तेव्हा तो म्हणे तुमच्याच गल्लीत आहे, घर सापडत नाहीये, जरा खाली येता का. काकू जिना उतरून पळत गल्लीत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक माणूस नव्हता. ती धापा टाकत वर आली तर मास्तर उभे राहिले होते.

“वहिनी, काहीतरी करपतंय.”

दाराच्या फटीतून वास येत होता. आत काकांना खोकल्याची उबळ आली.

“अहो,” काकू शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, “तेवढा गॅस बंद करा ना.”

“बाई, तुम्ही आमच्या गॅसची काळजी करू नका. आपल्या घरी जा.”

मास्तरांनी अग्निशमनचा नंबर लावायला घेतला, आणि त्याच वेळी काकूचा फोन वाजला. तीच मुलगी. आवाजात तोच गोडवा. “मॅडम, आधीच कल्पना देते. कुलूप ड्रिल करावं लागलं तर दर वेगळा लागेल. आणि माणूस निघालेला असल्यामुळे आता रद्द केलंत तर रद्द करण्याचं शुल्क द्यावं लागेल.”

मास्तर नंतर म्हणाले, की वर्गात एवढी वर्षं काढली, पण असा आवाज मी कुणाचा ऐकला नाही.

“कुठला माणूस? कुठून निघालाय? जन्मला तरी आहे का तो अजून? माझा नवरा आत धुरात कोंडलाय आणि तू मला दर सांगतेस? येत नाही म्हणायला जीभ झडली होती तुझी? एकदा नाही म्हणाली असतीस तर मी दहा माणसं गोळा केली असती, दार फोडलं असतं. तुमच्या ‘निघालाय’वर मी इथं हातावर हात धरून उभी राहिले. नको मला तुमचा माणूस. रद्द. ऐकलंस? रद्द. आणि एक दमडी मिळणार नाही. या मागायला, दात घशात घालते की नाही बघा.”

सगळा जिना दणाणला. वरच्या खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. आणि मग काकूच्या समोरच्या दारामागून काका वैतागून म्हणाले,

“अगं, किती ओरडतेस? लोक काय म्हणतील?”

किल्ली फिरली. दार उघडलं. काका धुरात उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा नेहमीसारखा शांत. “आलीस होय,” ते म्हणाले. “केव्हाची एक बाई दारात उभी होती. फार हळू बोलत होती. मी काही तिला आत घेतली नाही.”

काकूनं गॅस बंद केला. काळंठिक्कर पडलेलं पातेलं मोरीत टाकलं, खिडक्या उघडल्या, काकांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. मग ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. दोन वर्षं ती ज्या आवाजात बोलत होती तो आवाज या माणसाला परका होता, हे तिला तिथं बसल्यावर कळलं. त्या दिवसापासून तिनं डॉक्टरांचं ऐकणं सोडलं. घरात पुन्हा आवाज होऊ लागला, आणि काका पुन्हा अधूनमधून म्हणू लागले, “हळू गं जरा.”

कुलूपवाला आला तो ऊन उतरल्यावर. खांद्याला ड्रिलची पेटी, शर्ट घामानं भिजलेला. दार सताड उघडं बघून त्यानं खिशातून पावती काढली. शुल्क काकूच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढं होतं.

“मी रद्द केलं होतं.”

“माणूस निघाल्यावर रद्द केलं की शुल्क लागतं, काकू.”

“तुला निघायला कधी सांगितलं?”

तो गोंधळला. “आत्ताच की. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो. फोन आला, इथं जाऊन शुल्क घेऊन ये.”

म्हणजे कुलूप उघडायला कुणी निघालंच नव्हतं. माणूस निघाला तो पैसे वसूल करायला. तो पुढे म्हणाला, की पैसे नेले नाहीत तर माझ्या हजेरीतून कापतात. काकूनं त्याला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, पैसे दिले नाहीत.

मग फोन सुरू झाले. रोज. आधी घरी, मग कामावर. वसुली विभागातून बोलतोय, थकबाकी वाढतेय, घरी माणसं पाठवू. गंमत बघा, आता मात्र पाठवायला त्यांच्याकडे माणसं होती. लॅबचा मालक काकूला म्हणाला, “देऊन टाका आणि मोकळ्या व्हा.” मीही तेच म्हणाले.

“मी मोकळी होईन गं,” काकू म्हणाली, “पण तेही मोकाट सुटतील त्याचं काय?”

पावतीवर ऑफिसचा पत्ता होता. रविवारी मी आणि काकू तिथं गेलो. ते चपलांचं दुकान निघालं. आम्ही तोंड उघडायच्या आत दुकानदारानं कपाळावर हात मारला. “तुम्हीपण कुलूपवाल्यांचे का? अहो, माझा काही संबंध नाही त्यांच्याशी. माझा पत्ता ढापलाय त्यांनी. लोक येतात ते मलाच शिव्या घालतात. गिऱ्हाईक तुटलं माझं.”

काकूनं त्याला आपला नंबर दिला. “शिव्या खात बसू नका. पुढचा कुणी आला की माझ्याकडे पाठवा.”

त्यानं पाठवले. एका बाईचं तान्हं बाळ घरात अडकलं होतं, शेजाऱ्यांनी खिडकी फोडली आणि तिनं मुकाट शुल्क भरलं. एका म्हाताऱ्यानं दोनदा भरलं, कारण दुसऱ्यांदा त्यांनी पहिलं मिळालंच नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं होतं: माणूस निघालाय. काकूनं सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं आणि ग्राहक न्यायालयात एकत्र तक्रार करायचं ठरलं.

आणि एका दुपारी चपलांच्या दुकानदाराचा फोन आला, की इथं एक मुलगी आलीय, पण ती गिऱ्हाईक नाही. आम्ही गेलो. वीस-बावीसची, पाठीला सॅक, डोळे सुजलेले. तिनं फक्त “नमस्कार, मॅडम” म्हटलं आणि काकू जागच्या जागी थांबली.

“तूच ना ती? पुलावरची?”

मुलगी पांढरीफटक पडली. तिचा पगार बुडाला होता. ती घरूनच फोन घ्यायची, ऑफिस तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पगार मागायला नेमणुकीच्या कागदावरच्या पत्त्यावर आली तर पुढ्यात चपला. तिनं मालकाच्या नाव-नंबरासकट सगळं सांगितलं. अख्ख्या शहराला कुलूपवाले दोनच. पत्ता जवळचा असेल तरच माणूस पाठवायचा, नाहीतर नुसतं बोलत राहायचं, समोरचा कंटाळून रद्द करेपर्यंत. जितकी कामं रद्द, तितकं तिला वर कमिशन.

“मला आधी माहीत नव्हतं, मॅडम.”

“आणि नंतर?”

मुलगी रडायला लागली. मला वाटलं, आता काकू विरघळणार.

“तुझा पगार बुडाला, वाईट झालं,” काकू म्हणाली. “पण माझा नवरा धुरात होता आणि तू मला गल्लीत पळवलंस. ते मी विसरणार नाही. रडून झालं की सांग, हे सगळं न्यायालयात येऊन बोलशील का?”

ती आली. बोलली. समोर कंपनीचा मालक कडक इस्त्रीच्या शर्टात बसला होता. आपण केवळ मध्यस्थ आहोत, असं तो तीन-चारदा म्हणाला. न्यायाधीशांनी काकूला विचारलं, तुमचं म्हणणं काय. ती उभी राहिली. या वेळी ओरडली नाही.

“साहेब, उशीर कुणालाही होतो. मला त्याचा राग नाही. येणार नसताना ‘येतोय’ म्हणणं हाच यांचा माल आहे. अडचणीतल्या माणसाला हे दुसरीकडे जाऊ देत नाहीत, आणि वर त्याचेच पैसे मागतात.”

निकाल आमच्या बाजूनं लागला. शुल्क रद्द, ज्यांनी भरलं त्यांना परत, वर दंड. म्हाताऱ्याला त्याचे पैसे मिळाले. बाळाच्या आईला अजून मिळालेले नाहीत. मुलीचा पगार तर बुडालाच, कारण ते प्रकरण म्हणे या न्यायालयाचं नाही. आणि कंपनीनं नाव बदललं. परवा मीच जाहिरात पाहिली, नवं नाव, नवा नंबर, पंधरा मिनिटांत दारात. मी काकूला दाखवली. तिनं मास्क खाली ओढला, फोन हातात घेतला आणि जाहिरात वाचली. मग म्हणाली, “पाठव मला तो नंबर. पुन्हा जाऊ.”

निकालानंतर तिनं दाराचं कुलूप बदलायचं ठरवलं. आत किल्ली असली तरी बाहेरून उघडेल असं हवं होतं. चौकात किल्ल्या करून देणारा एक म्हातारा बसतो, त्याच्याकडे आम्ही गेलो. त्यानं ऐकून घेतलं, हातातली कानस खाली ठेवली आणि मान हलवली.

“आज जमणार नाही. उद्या सकाळी येतो.”

काकू त्याच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता उडते ठिणगी. पण ती म्हणाली, “बरं झालं, सांगितलंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. काकांनी दार उघडलं नाही. त्याला जिन्यात थांबवून त्यांनी आत वळून हाक मारली, “अगं, कुणीतरी आलंय बघ.” आणि आतून काकूनं साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं, “येऊ द्या. मीच बोलावलंय त्याला.”