अंग चोरून बसणारा

सकाळी किहीमला पोहायला जाताना सहा सीटर रिक्षात तो रोज भेटायचा. देह अवाढव्य. तो चढला की लोक उसासे टाकत सरकायचे आणि तो बिचारा इतकं अंग चोरून बसायचा, की अर्धा बाहेरच लटकायचा.

समुद्रात मात्र त्याचा थाट बघावा! पाण्यावर पाठ टेकून, हातपाय पसरून, पोटावर कोवळं ऊन घेत स्वारी भोपळ्यासारखी तरंगायची. मी एवढा काडीपैलवान, पण हात मारायचे थांबवले की थेट तळाशी.

एकदा माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा त्यानेच बखोटीला धरून मला वर काढलं.

"नुसती हाडं हायत तुमची, बुडणारच!" तो खदखदून हसला. "चरबी पाण्यापेक्षा हलकी. जमिनीवर मी सगळ्यांना जड होतो. एका दर्यालाच काय तो हलका वाटतो."

परतीच्या रिक्षात तो पुन्हा तसाच आक्रसून बसला. मी उठलो, त्याला आत ढकललं.

"ऐसपैस बसा हो," म्हटलं, "कडेला मी बसतो. पडलोच तर उचलायला तुम्ही आहात."